तालमीच्या भिंतीवरची रेघ

ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं नाव दस्तगीर पेंटर. तो माझा बाप. अन्याय झाला तो श्रावणातल्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी सव्वानऊ वाजता. मी सहावीत होते, भूगोलाची चाचणी होती आणि अम्मी माझ्या वेणीला रिबीन बांधत होती, म्हणून वेळ पक्की लक्षात आहे. दारात चार माणसं आली. त्यातल्या एकानं चपला न काढता आत येऊन अब्बांच्या हातात कागद दिला. कागदावर गल्लीतल्या अकरा घरांच्या सह्या होत्या. मजकूर असा, की दस्तगीर पेंटर हा इसम भिंतींवर खोट्या रेघा मारून रहिवाशांत घबराट पसरवीत आहे, सबब त्याने आठ दिवसांत गल्ली सोडावी. मी त्यानंतर शेकडो पत्रकं लिहिली, छापली, भिंतींवर डकवली. 'सबब' हा शब्द एकदाही वापरलेला नाही.

आठवणी लिहायचं तुझं वय आहे का, असं मला विचारतात. वय नाही. पण ज्या लोकांबद्दल लिहायचं आहे ते अजून जिवंत आहेत, त्यांना वाचता येतं, आणि त्यांनी हे वाचावं अशी माझी इच्छा आहे. म्हातारी होईपर्यंत थांबले तर कुणाला झोंबणार? शहराचं नाव मात्र मी लिहिणार नाही. कृष्णाकाठचं आहे एवढं पुरे. त्यांनी माझ्या बापाच्या नावाचं जे केलं ते केलं, मी त्यांचं नाव या पानावर येऊ देणार नाही. ज्यानं हे सगळं घडवून आणलं त्याला गल्लीत शेठ म्हणत. इथंही तो शेठच राहील.

त्या शहरात पाच-सात वर्षांतून एकदा नदी गावात यायची. आमच्या गल्लीला तिची सवय होती. पाणी ओसरलं की लोक परत यायचे, घरातला गाळ फावड्यानं ओढायचे, भांडी घासायचे, गाद्या गच्चीवर टाकायचे, पण भिंत धुवायचे नाहीत. पेंटर येऊन रेघ मारून गेल्याशिवाय भिंतीला पाणी लावायचं नाही, असा रिवाज होता. तो कुणी घालून दिला ते माहीत नाही, माझ्या आजोबांच्या वेळीही तो होताच. पाणी जिथवर चढलं होतं तिथं गाळाचा पट्टा उमटलेला असायचा. अब्बा त्या पट्ट्याची वरची कड धरून लाल ऑइल पेंटनं रेघ ओढायचे, डाव्या टोकाला गळासारखा छोटा आकडा काढायचे आणि खाली बारीक अक्षरात लिहायचे, द. पेंटर. जिथं गाळाचा पट्टा पुसट असेल तिथं लेव्हलची नळी लागायची. गवंडी वापरतात तीच, पारदर्शक, पाण्यानं भरलेली. एक टोक खुणेवर, दुसरं नव्या भिंतीवर. दुसरं टोक अम्मी धरायची. बुरख्याची बाही कोपरापर्यंत वर करून ती भिंतीला चिकटून उभी राहायची आणि अब्बा लांबून ओरडायचे, "आलं?" नळीतलं पाणी हेलकावे खाऊन थांबलं की अम्मी म्हणायची, "आलं." त्या दोन शब्दांवर अख्ख्या गल्लीचा भरवसा होता. पुढच्या पुरात लोक रेडिओ ऐकायचे नाहीत, रेघ बघायचे. पाणी अमक्या पायरीला लागलं की म्हातारी माणसं माडीवर, तमक्या पायरीला लागलं की जनावरं बाहेर. हे सगळं रेघेवरून ठरलेलं होतं. रेघ मारली की त्या घरची बाई अब्बांच्या हातावर गूळ ठेवायची. रंगाच्या हातानं ते तो गूळ खायचे. मला लाल रंगाचा वास आला की अजून तोंडात गूळ येतो.

गल्लीच्या टोकाला जुनी तालीम होती. तिच्या भिंतीवर सगळ्यात मोठ्या पुराची रेघ होती, तालमीच्या दाराच्या चौकटीच्याही वर. उंच माणसानं हात वर केला तरी बोटं टेकायची नाहीत. तालमीला लागून ओढ्याची पडीक जमीन होती. शेठनं ती घेतली, भराव टाकून तालमीच्या पातळीला आणली आणि तिथं वसाहत बांधायला काढली. तळमजला, वर तीन मजले, अशा सहा इमारती. घरं बघायला लोक यायचे, आणि त्यांना पहिल्यांदा काय दिसायचं, तर डोक्यावर दोन हात लाल रेघ. शेठ घरी आला. अम्मीनं चहा केला. शेठ म्हणाला, "दस्तगीर, ती रेघ जरा खाली घे. गुडघ्याएवढी ठेव. पूर येतो हे आम्ही कुठं नाकारतोय?" अब्बा म्हणाले, "शेठ, रेघ माझी न्हाई, पाण्याची हाय. पाण्याला सांगून बघा." शेठ हसला. चहा संपवला. कपाची तारीफ केली. पंधरा दिवसांत तालमीची भिंत चुन्यानं पांढरी झाली आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर नवी लाल रेघ आली. डाव्या टोकाला गळासारखा आकडा. खाली बारीक अक्षरात, द. पेंटर.

अब्बांनी ती रेघ बघितली आणि पहिल्यांदा काय म्हणाले असतील? "आकडा बरा काढलाय." मग ते घरी आले, नळी काढली आणि अम्मीला म्हणाले, "चल." भर सकाळी, सगळी गल्ली दात घासत उभी असताना, या दोघांनी खरी रेघ पुन्हा मारली. गल्लीतल्या जुन्या रेघेवरून पातळी घेऊन तालमीवर मारली, आणि तिथून नळी लावत लावत नेऊन वसाहतीच्या पहिल्या इमारतीच्या ओल्या गिलाव्यावर मारली, तळमजल्याच्या खिडकीच्या छज्ज्यावर एक वीत. "आलं?" "आलं." दोन्ही खऱ्या रेघांवर पुन्हा चुना फिरला, आणि पुढच्या गुरुवारी कागद आला.

त्या कागदावरच्या तिसऱ्या सहीबद्दल लिहायलाच हवं. ती मालनकाकूची होती. मालनकाकू आमच्या भिंतीपलीकडची. आमची भिंत एक, पाण्याचा नळ एक. ईदला पहिली वाटी तिच्याकडे जायची आणि संक्रांतीला तिची पहिली पोळी आमच्याकडे. तिला सही येत नव्हती, अंगठा लावायची. अब्बांनी तिला पाटीवर ब्रशनं गिरवून सही शिकवली होती, महिनाभर, रोज संध्याकाळी. म्हणून तिच्या सहीत 'न'च्या खाली एक शेपूट होतं, अब्बांच्या अक्षराला असायचं तसं. कागदावर ते शेपूट मी सगळ्यात आधी ओळखलं. काकूच्या नवऱ्याला अर्धांग झालेलं होतं आणि शेठनं तिला वसाहतीत तळमजल्याची जागा कबूल केली होती, जिना नको म्हणून. हे मला नंतर कळलं. कारण कळलं म्हणून राग कमी होतो असं जे कुणी सांगतात, त्यांच्यावर कुणी कागद काढलेला नसतो.

अम्मीचं माहेर जुन्नर. आम्ही तिथं आलो. मुनीरमामूचं बाजारात कल्हईचं दुकान होतं. कल्हई लावायला कुणी येईना म्हणून त्यानं त्याच जागेत गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायला घेतल्या होत्या, पण भाता आणि नवसागराचा डबा अजून कोपऱ्यात होता. दुकानाच्या मागं दोन खोल्या, त्यांत मामू, मुमानी, त्यांच्या दोन मुली आणि आता आम्ही तिघं. आमची घरातली बोली वेगळी, पण इथं ती मराठीतच लिहिते. सकाळी पहिली अजान, मग लगेच भाजीवाल्यांचे टेम्पो, मग शिवनेरीच्या अंगावरून ढग सरकताना दिसायचे आणि तेवढ्यात मामू बर्नरच्या नळ्या ठोकायला सुरुवात करायचा. त्या ठोकण्यावर मी अभ्यास केला, दहावी केली, बारावी केली. मुमानी शुक्रवारी मटण करायची आणि उरलेल्या दिवशी बाजरीची भाकरी आणि काळ्या मसाल्याची आमटी. पावसाळ्यात डोंगरातून एक बाई तांदूळ घेऊन यायची, त्याची भाकरी व्हायची, पांढरीशुभ्र, आणि सोबत सुकट. मामूच्या पिंपळवंडीच्या गिऱ्हाइकाकडून मासवडी आली की घरात भांडण लागायचं. अम्मी मात्र जेवताना एक गोष्ट कधी करायची नाही. कृष्णाकाठची वांगी ती खायची नाही. मामू मुद्दाम सांगायचा, "अगं, हे वांगं इथलं हाय, राजुरीचं." अम्मी म्हणायची, "वांग्याला विचारलंस?"

अब्बांना जुन्नरमध्ये बोर्ड रंगवायचं काम मिळालं, पण थोडं. फ्लेक्स आले होते. ओझरच्या रस्त्याला हॉटेलवाल्यांनीसुद्धा फ्लेक्स लावले. मग ते टोमॅटोच्या कॅरेटवर नावं घालायला लागले. राजुरी, पिंपळवंडी, पार नारायणगावपर्यंतचे शेतकरी कॅरेटची चळत आणून टाकायचे. बाजारात अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक कॅरेटवर मालकाच्या नावाची दोन अक्षरं घालायची. दिवसाला दोनशे कॅरेट. ज्या माणसाच्या रेघेवर एक शहर उठायचं-बसायचं तो माणूस उकिडवा बसून प्लास्टिकवर 'बा. शि.' आणि 'रा. ग.' लिहीत होता. मी कॉलेजला जाताना त्यांच्या समोरून जायचे आणि दर वेळी मनात त्या अकरा जणांची नावं म्हणायचे. तोंडपाठ होती. अजून आहेत. पाढ्यासारखी.

पत्रकं लिहायला मी तिथंच शिकले. कॉलेजातल्या एका संघटनेसाठी वसतिगृहाच्या प्रश्नावर पहिलं लिहिलं. मला तेव्हा सांगितलं गेलं, की पत्रकात आधी सांगायचं कुणावर अन्याय झाला, मग कधी, मग कुणी केला, आणि शेवटी वाचणाऱ्यानं काय करायचं. बाकी सगळा पाला. मला ते लगेच जमलं, कारण माझ्या डोक्यात एक पत्रक सहावीपासून तयारच होतं. हल्ली मी आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या दरडीखालच्या वाड्यांवर जाते. घरामागच्या उताराला भेग गेली की तिच्या दोन्ही बाजूंना रंगाची खूण करा, रोज बघा, खूण सरकली की घर सोडा, असं सांगते. तिथले लोक मला रंगवाली म्हणतात. माझ्या पिशवीत लाल ऑइल पेंटचा डबा असतो. तो कुठून आला हे त्यांना सांगत नाही.

तर मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा ते पाणी आलं. जुन्नरला नुसती पिरपिर होती. चार दिवस टीव्हीवर तेच, धरणातून इतका विसर्ग, तितका विसर्ग. पाचव्या दिवशी दुपारी बातमीवाल्याच्या मागं आमची गल्ली दिसली. कमरेभर पाण्यात छत्री धरून तो उभा होता आणि त्याच्या खांद्यामागं आप्पाच्या पिठाच्या गिरणीची भिंत होती. आप्पा म्हणजे सह्यांमधला सातवा. भिंतीवर अब्बांच्या हातची चार ओळींची पाटी होती. वर मोठ्या अक्षरात 'आप्पा पिठाची गिरणी', खाली 'हळद दळून मिळेल', मग 'मिरची कांडून मिळेल', त्याच्या खाली 'दुपारी १ ते ३ बंद'. पाणी शेवटच्या ओळीला लागलेलं होतं.

मी ताट घेऊन टीव्हीसमोर बसले. खोटं लिहिणार नाही. मला आनंद झाला. असा आनंद मला बारावीच्या निकालाला झाला नव्हता. 'दुपारी १ ते ३ बंद' गेलं तेव्हा मी भाकरीचा तुकडा मोडला. मामू शेगडीचा बर्नर हातात घेऊन दारात उभा होता. तो म्हणाला, "नसीम, तुला आनंद व्हतोय का काय?"

"हो."

"मग दार लावून आनंद कर राव. शेजारची माणसं अंगणात भाजी निवडायला बसलीत. काय म्हनतील?"

"म्हणू दे. त्यांनी कुणाला गल्लीतून काढलेलं नाही."

"लई शिकली तू," मामू म्हणाला आणि बर्नर ठोकायला निघून गेला. पण दार त्यानंच लावलं.

अम्मी कणीक मळत होती. तिनं टीव्हीकडे बघितलं नाही, पण मला विचारलं, "कुठवर?"

"मिरचीला लागलं."

"हळद दिसती का अजून?"

"दिसते."

"बरं," अम्मी म्हणाली आणि कणकेला पाणी लावलं.

अब्बा घरी नव्हते. पिंपळवंडीला कॅरेट रंगवायला गेले होते आणि त्यांचा फोन चार्जिंगला इथंच होता. तो वाजला. त्या शहराचा नंबर होता. मी उचलला.

"दस्तगीरभाऊजी हाईत का?" बाईचा आवाज. मागं पाण्याचा, माणसांचा, कुणीतरी भांडी सरकवत असल्याचा गोंगाट. नऊ वर्षं तो आवाज ऐकला नव्हता, पण पहिल्या शब्दाला ओळखला.

"नाहीत. मी नसीम."

"नसीम? बाळ, मी मालनकाकू. ऐक, आमी तळमजल्यावर हाय. उंबऱ्याला पानी लागलंय. काकांना उठवायचं म्हंजे चार माणसं लागत्यात. इमारतीतली समदी म्हनत्यात, उचलू नका, टेबलावर कॉट चढवा, पानी गुडघ्याच्या वर येत न्हाई. तालमीवर रेघ हाय म्हनत्यात." ती थांबली. "तुझ्या अब्बाची खरी रेघ कुठं हुती गं? मला उंची आठवंना."

मी हे ऐकून काय केलं ते लिहिते. मी म्हणाले, "कुठली खरी काकू? तिथं एक रेघ आहे ना, खाली नाव आहे ना? दुसरी खोटी होती. तुम्हीच तसं लिहून दिलंय. तिसरी सही तुमची आहे." आणि फोन कापला. तो परत वाजला. मी आवाज बंद करून तो पिठाच्या डब्यात ठेवला आणि डब्याला झाकण लावलं. मग परत टीव्हीसमोर बसले. 'मिरची' गेली. 'हळद' अर्धी गेली.  गोष्टींत लिहितात तसा मनात काही कोलाहल वगैरे नव्हता. मला एवढंच वाटत होतं, की आता तिला कळेल.

अर्धा तास गेला असेल. अब्बा आले. गुडघ्यापर्यंत चिखल, नखांत निळा रंग. हात धुवायच्या आधी त्यांनी टीव्ही बघितला. गिरणीच्या भिंतीवर फक्त 'आप्पा पिठाची गिरणी' उरलं होतं. ते जवळ जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "खालच्या तीन ओळींना एकच हात दिलेला. आप्पाला घाई हुती. वरचं टिकंल."

तेवढ्यात अम्मी बोलली. कणकेचा हात पुसत पुसत, माझ्याकडे न बघता. "मालनचा फोन आलेला. पिठाच्या डब्यात थरथरतोय."

मला वाटलं होतं अम्मी माझ्या बाजूची आहे. वांगं न खाणारी बाई.

"काय म्हणत हुती?" अब्बांनी मला विचारलं.

"पाणी किती चढेल म्हणून विचारत होत्या. त्या वसाहतीत तळमजल्यावर आहेत. काका खाटेवर."

"मग तू काय सांगितलंस?"

"काही नाही."

"काही न्हाई म्हंजे?"

"तिथं तुमची रेघ आहे ना गुडघ्याला. सगळे त्या रेघेवर बसलेत."

अब्बांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "माझ्या नावावर बसलेत?" आणि त्यांचा चेहरा असा झाला, जसा त्या सकाळी कागद वाचूनही झाला नव्हता. त्यांनी पिठाचा डबा उघडला, फोन काढला, झटकला. फोनवर पीठ आणि निळा रंग लागला. त्यांनी फोन उचलून स्पीकर चालू केला.

"वहिनी, मी दस्तगीर. ऐका. खिडकीवर छज्जा हाय ना? त्याच्या वर एक वीत. तिथवर येणार. म्हंजे तुमचा तळमजला छतापर्यंत जाणार. पहिल्यावर बी थांबू नका, दुसऱ्यावर न्या काकांना. आत्ता न्या, जिना भरला की खुर्ची वळायची न्हाई."

पलीकडे काकू रडत होती. मग तिनं कुणाला तरी हाक मारली. पुरुषांचे आवाज आले. एक जण स्पष्ट ऐकू आला, "काकू, उगाच घाबरवू नका. दस्तगीर पेंटरची रेघ हाय बाहेर. खाली नाव हाय त्याचं. जुनी माणसं म्हनायची, त्याची रेघ कधी चुकत न्हाई."

 ती रेघ माझी न्हाई, असं अब्बा दोनदा म्हणाले, पण फोनवरच्या एका पेंटरचा आवाज त्या गोंगाटात कोण ऐकणार. वसाहतीतले निम्मे लोक नंतर आलेले, त्यांनी अब्बांना कधी बघितलेलंही नव्हतं. त्यांना फक्त भिंतीवरचं नाव माहीत होतं, आणि ते नाव त्यांना खाली बसवून ठेवत होतं.

मी अब्बांच्या हातातून फोन घेतला. त्यांना वाटलं परत कापते. त्यांनी माझं मनगट धरलं. मी म्हणाले, "काकू, तुमचं कुणी ऐकणार नाही. ती रेघ खोटी आहे हे तुम्हाला कसं माहीत, ते सांगा त्यांना. जिन्यात उभं राहून सांगा. मोठ्यानं."

"नसीम, शेठचा पोरगा हितंच हाय गं, वरच्या मजल्यावर."

"मग त्यालाही ऐकू जाईल असं सांगा."

 मग मालनकाकूचा आवाज आला, फोनपासून लांब, जिन्यात घुमणारा. "ऐका रं समदी. ती रेघ दस्तगीरची न्हाई. शेठनं दुसऱ्या पेंटरकडनं काढून घेतली. माझ्या डोळ्यादेखत काढली, मी त्या पेंटरला पानी दिलं प्यायला. दस्तगीरनं खरी मारली तवा आमी अकरा घरांनी सही करून त्याला घालवला. मी बी सही केली. खरी रेघ छज्ज्याच्या वर हाय. उचला आता, उचला ह्यांला."

मामूचं ठोकणं थांबलं होतं. तो कधी आत आला ते कळलं नाही. अम्मी कणकेच्या परातीसमोर बसून होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी गालांवरून खाली चाललं होतं, ते ती पुसत नव्हती. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज, "धरा, धरा, पाय धरा", मग कुणीतरी शेजारच्या इमारतीकडे तोंड करून तेच वाक्य ओरडलं, रेघ दस्तगीरची न्हाई, खोटी हाय, वर चला. मग लांबून तिसऱ्या इमारतीत कुणीतरी तेच ओरडलं. माझ्या बापाचं नाव त्या वसाहतीत एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर गेलं, आणि आम्ही ते जुन्नरमध्ये मामूच्या खोलीत बसून पिठानं माखलेल्या फोनवर ऐकलं. मला विचाराल तर माझा सूड त्या मिनिटाला झाला. आप्पाच्या गिरणीची उरलेली ओळ बुडाली का, ते मी बघितलंच नाही.

पाणी छज्ज्याच्या वर आलं. एक वीत नाही, चार बोटं कमी. अब्बांना ती चार बोटं बरेच दिवस लागून राहिली होती. वसाहतीतलं कुणी दगावलं नाही. माझ्याशी अब्बा अकरा दिवस बोलले नाहीत. मी मोजले. अकरा सह्या, अकरा दिवस, त्यांनी ठरवून केलं असं मला वाटत नाही. बाराव्या दिवशी त्यांनी मला कॅरेटचा रंग ढवळायला सांगितला, आणि ढवळताना म्हणाले, "तुझा राग बरोबर हाय. पण अर्धा तास तू माझ्या नावाची खोटी रेघ खरी करून ठेवलीस." मी रंग ढवळत राहिले.  गल्लीची मी माफी मागत नाही. त्या अर्ध्या तासाची अब्बांकडे मागते.

पाणी ओसरल्यावर मालनकाकूनं फोन केला. गल्लीतल्या जुन्या घरांनी भिंती धुतलेल्या नाहीत, म्हणाली. तीन आठवडे झाले, वास मारतोय, पण कुणी पाणी लावलं नाही. पेंटर येईपर्यंत लावणार नाहीत. मी म्हणाले, अब्बा येणार नाहीत. अम्मीनं माझ्यासमोर ट्रंक उघडली आणि तळातून लेव्हलची नळी काढली. पिवळी पडली होती, पण फुटली नव्हती. दोघं एसटीनं गेले. मी गेले नाही. अम्मीनं परत आल्यावर सांगितलं, की आप्पानं स्वतः हातावर गूळ ठेवला आणि अब्बांनी तो खाल्ला. मी असते तर खाऊ दिला नसता.

पण वसाहतीत रेघ मारता आली नाही. शेठनं आठवड्याच्या आत टँकर लावून सहाही इमारती धुवून घेतल्या होत्या आणि वरून रंग दिला होता, फिकट पिवळा. गाळाचा पट्टा गायब. तालमीची भिंतच पाडली. अब्बा नळी घेऊन कंपाउंडमध्ये शिरले तेव्हा वॉचमननं त्यांना हटकलं. तळमजल्याची घरं परत विकायला निघाली आहेत. पूर? हां, आला होता म्हणे, गुडघ्याएवढा, असं गिऱ्हाइकाला सांगतात. निघताना अब्बांनी एकच गोष्ट बघितली. जिन्याखाली विजेच्या मीटरची पेटी होती. रंग देणाऱ्यांनी पेटी काढली नव्हती, भोवतीनं ब्रश फिरवला होता. पेटीच्या वर, भिंत आणि पेटी यांच्या फटीत, अब्बांनी बोट घातलं. बोटाला गाळ लागला.

म्हणून हे तुम्हाला सांगायचं आहे, तुम्ही वाचताय त्यांना. कृष्णाकाठी असाल, कुकडीकाठी असाल, घोडकाठी असाल. नदीकाठच्या कुठल्याही इमारतीत राहत असाल किंवा घर बघायला गेला असाल, तर आज जिन्याखाली जा. मीटरच्या पेटीमागं, कपाटामागं, जिथं रंगाचा ब्रश पोचत नाही तिथं बोट घाला. गाळ लागला, तर एक डबा लाल ऑइल पेंट आणा, लेव्हलची नळी आणा, दुसरं टोक धरायला घरातलं माणूस घ्या, आणि दर्शनी भिंतीवर, सगळ्यांच्या देखत, दिवसाढवळ्या रेघ मारा. खाली माझ्या बापाचं नाव घालू नका. तुमचं स्वतःचं घाला. आणि तुमच्यावर कुणी कागद घेऊन आला, तर त्यावर कुणाकुणाच्या सह्या आहेत ते वाचून ठेवा, आणि मग ती रेघ दुसऱ्यांदा मारा.